डाव्या अंगाला

"लागलं का रे बाळा?" असं विचारून मी खाली बघितलं, तर तो लोखंडी खुंट निघाला. फुटपाथवर गाड्या चढू नयेत म्हणून ओळीनं रोवतात ना, तसला; गोल डोक्याचा, माझ्या कमरेच्याही खाली संपणारा. मांडीतून अशी कळ गेली की डोळ्यांत पाणी आलं, पण त्याआधी तोंडातून 'बाळा' आलं होतं. शाळेची गाडी चालवण्यात अर्धं आयुष्य गेलं की असंच होतं. त्या उंचीचं काहीही अंगावर आदळलं की ते पोरच असणार, हे मांडीला पाठ झालेलं असतं, डोक्याला विचारावं लागत नाही. सकाळची वेळ, परकं शहर, कामाला निघालेली माणसं दोन्ही अंगांनी चाललेली, आणि मध्येच एक जाडजूड बाई खांबाची विचारपूस करतेय. मला माझंच हसू आलं. मी आत्याकडे वळले, कारण असल्या गोष्टीला दोघींनी मिळून हसायचं असतं, एकटीनं हसलं की लोक बघतात. आत्या म्हणजे माझी धाकटी नणंद. गाडीतली सगळी पोरं तिला आत्या म्हणतात आणि मला मावशी, तेव्हा माझ्याही तोंडी तेच बसलंय. ही बाई कुणी शिंकलं तरी पोट धरून हसते. पण ती हसली नाही. "वहिनी, जरा बघून चाल," एवढंच म्हणाली, आणि माझ्या उजव्या अंगाला होती ती मागून वळसा घालून डाव्या अंगाला आली.

तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मला वाटलं, नवरीचं लक्ष दुसरीकडे आहे. पुढच्या आठवड्यात तिचं लग्न होतं. पन्नाशीला आलेल्या बाईचं लग्न म्हटल्यावर गावानं तोंडाला पदर लावून हसून घेतलं होतं, मीही घेतलं होतं, पण तिच्या समोर, म्हणजे त्याला हसणं म्हणत नाहीत, चिडवणं म्हणतात. नवरदेव पावाची भट्टी चालवणारा विधुर, दूरच्या गावचा, बोलायला कमी आणि हाताला गरम. "गरम म्हणजे कसा गं?" असं मी विचारलं की ती मला चिमटा काढायची. हे गेल्यावर आम्ही दोघीच होतो घरात. हे माझे मालक, तिचा मोठा भाऊ, गाडी त्यांचीच. ते गेले तेव्हा तिला एक चांगलं स्थळ आलं होतं आणि तिनं ते 'आता नको, पुढे बघू' म्हणत परत पाठवलं, कारण मी एकटी गाडी कशी चालवणार, दार कोण बघणार. हे ती कधी बोलली नाही. मीही कधी बोलले नाही. पण एका स्वयंपाकघरात इतकी वर्षं काढली की न बोललेलंही भांड्यांबरोबर घासलं जातं. म्हणून लग्नाआधी दोघींनी दोन दिवस कुठेतरी मोठ्या शहरात जायचं, खोली घ्यायची, आणि फक्त पायी फिरायचं, असं ठरलं. "गाडीत बसून बसून आपली बुडं सपाट झाली," ती म्हणाली होती. तो दिवस शनिवारचा. सोमवारी शाळेची सुट्टी संपत होती, आत्या त्या दिवसापासून लग्नाच्या कामाला लागणार होती आणि मी पहिल्यांदाच एकटी गाडी काढणार होते. दार चालकाच्या जागेवरून उघडेल अशी कळ बसवून घेतली होती. ओढली की दार सरकतं, ढकलली की मिटतं. गॅरेजवाल्यानं दाखवलं तेव्हा आत्या बाजूला उभी राहून बघत होती आणि म्हणाली होती, "बरंय की, माझं काम एका दांडक्यानं केलं."

मोठ्या चौकात आम्ही सिग्नलला थांबलो. समोरून माणसांचा लोंढा निघाला, इकडून आमचा. अशा वेळी मी कधी बावरत नाही. दोन लोंढे एकमेकांतून कसे जातात ते मला कळतं, जन्म त्यातच गेलाय. समोरून एक उंच बाई येत होती. कानात लाल खडे, मानेशी दाबून धरलेला फोन, कपाळावर आठ्या. मी तिला माझ्या डाव्या हाताला जाऊ दिलं, चांगली जागा सोडून. आणि माझ्या नडगीवर काहीतरी आदळलं, धातूचं, आणि एक बाळ किंचाळलं. बाबागाडी होती. लाल खड्यांची बाई ती ढकलत होती. "डोळे फुटले का हो तुमचे? एवढी मोठी गाडी दिसत नाही?" ती ओरडली. एरवी असं कुणी म्हटलं असतं तर तिच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या मी. माझ्या तोंडाला कुणी लागत नाही, ट्रकवाले सुद्धा मागे घेतात. पण मी नुसती उभी राहिले. सिग्नल बदलला, हॉर्न सुरू झाले, आत्यानं दंडाला धरून मला पलीकडे ओढलं. "लागलं का?" तिनं विचारलं. मी नाही म्हटलं. मी दुसऱ्याच विचारात होते. बाई दिसली होती. तिचे खडे दिसले होते. खड्यांच्या आत बारीक चकाकणारं काहीतरी होतं तेही दिसलं होतं. बाबागाडी दिसली नव्हती. ओझरतीही नाही. दोन हात रिकामेच पुढे धरून एक बाई चाललीये, ते मला विचित्रसुद्धा वाटलं नव्हतं.

म्हटलं, झोप झाली नाही. म्हटलं, परकी जागा. पण भीती एकदा पायांत शिरली की ती असल्या समजुतींना दाद देत नाही. रस्त्याला दुकानं होती, काचेमागे कपडे घातलेले बाहुले उभे होते, आत्या प्रत्येक काचेपाशी थांबून नाकं मुरडत होती. आणि मी चालता चालता डाव्या बाजूला खाली काय काय आहे ते शोधायला लागले. सरळ बघत चालायचं आणि मग एकदम मान वळवायची. मान वळवली की दुकानाच्या पायरीवर बसलेलं कुत्रं. परत सरळ बघितलं की कुत्रं नाही. मान वळवली की फुलांच्या बादल्या, पाण्यानं भरलेल्या, रस्त्यापर्यंत आलेल्या. सरळ बघितलं की नुसता रस्ता. माणसं मात्र दिसत होती. माणसांची डोकी, खांदे, छत्र्या, दारांवरच्या पाट्या, वरचं सगळं जागच्या जागी होतं. जे काही नाहीसं होत होतं ते खालचं, कमरेच्या खालचं, आणि फक्त त्या एका बाजूचं. मी आत्याला म्हटलं, "बसू या का कुठे? पाय दुखले." ती लगेच हो म्हणाली. चालायचा हट्ट जिचा, ती लगेच हो म्हणाली.

कॉफीच्या दुकानात कोपऱ्यातलं टेबल मिळालं. आत्या हात धुवायला गेली आणि मी समोरच्या भिंतीवरच्या घड्याळावर नजर रोवली, हलवायची नाही असं ठरवून, आणि डावा हात टेबलावर ठेवून हळूहळू बाजूला सरकवला. हात दिसत होता, दिसत होता, आणि मग मनगटापासून पुढे नव्हता. बोटं हलवली. हलवतेय हे कळत होतं, टेबलाचा गार गुळगुळीतपणा बोटांना लागत होता. बोटं नव्हती. लोकांना वाटतं न दिसणं म्हणजे काळोख. काळोख असता तर कळलं असतं की! मी आधीच बोंब मारली असती. तिथे काळं काही नव्हतं, फाटलेलं नव्हतं, धूसर नव्हतं. तिथे टेबलच होतं, टेबलाच्या रंगाचं, पुढे सरळ भिंतीपर्यंत गेलेलं, कसलीही शंका येऊ नये असं. मी डावा डोळा झाकला. तेच. उजवा झाकला. तेच. म्हणजे मोतीबिंदू नाही. सहा महिन्यांपूर्वी चष्म्याचा नंबर काढला तेव्हा खालच्या ओळीतली बारीक अक्षरं मी घडाघडा वाचली होती आणि डॉक्टर म्हणाला होता, मावशी, तुमची नजर गरुडाची. दोन्ही डोळ्यांना एकच जागा दिसत नसेल तर ते डोळ्यांचं नव्हे, डोळ्यांच्या मागचं. मागे काय असतं ते मला नीट माहीत नाही, पण तिथे हात घालता येत नाही एवढं माहीत आहे.

आणि मग मला ती सकाळ आठवली. सुट्टीच्याही आधीची, उठले तेव्हा डोक्याच्या मागे, उजव्या बाजूला, कुणी मुठीनं दाबून धरल्यासारखं होत होतं. चहाचा कप उचलायला गेले तो हाताला लागून पडला. एक उलटी झाली. पित्त म्हणाले मी. आत्या म्हणाली डॉक्टरकडे जाऊ, मी म्हटलं पित्ताला कुणी डॉक्टरकडे जातं का, गोळी घेतली, पडून राहिले, तो रविवार होता. दुसऱ्या दिवशी बरं वाटलं. बरं वाटलं म्हणजे काय? गाडी काढली. त्याच त्या गल्ल्या, तीच वळणं, तेच खड्डे. कुठल्या फाटकापाशी कुठला दगड आहे हे मला झोपेत विचारा. आपल्या गावात माणूस डोळ्यांनी बघतच नाही, सवयीनं बघतो. त्यानंतर गाडीच्या डाव्या दाराखाली एक पोचा आला. मी शेजारच्या टेंपोवाल्याला धरून धुतला. त्याची बायको मध्ये पडली तर तिलाही सोडलं नाही. तो बिचारा शपथा घेत होता. मग मागचं चाक एकदोनदा कठड्याला घासलं, मी म्हटलं रस्ता अरुंद केला मेल्यांनी. हे सगळं त्या गार टेबलाशी बसून एकामागून एक येत गेलं, आणि मी हात मांडीवर ओढून घेतला, कारण नसलेला हात बघवत नव्हता.

आत्या परत आली, बसली. यावेळीही माझ्या डाव्या हाताला. कॉफी आणणारा कप ठेवायला लागला तर तिनं मधेच घेतला आणि माझ्या पुढ्यात, उजवीकडे, सरकवून दिला. मी तिच्याकडे बघत होते. ती साखर ढवळत होती. "काय बघतेस?" ती म्हणाली. "नवरी बघतेय," मी म्हटलं. "बघून घे, पुढच्या आठवड्यापासून पीठ लागलेली दिसेन," ती म्हणाली आणि हसली, आणि मला तिच्या हसण्याचा पहिल्यांदा राग आला. कारण माझ्या कानात थापा वाजत होत्या. आमच्या गाडीची एक रीत आहे. गाडी थांबली की आत्या उतरते. पोरांना बगलेत धरून एकेक उतरवते, फाटकाच्या आत लोटते, दार लावते, आणि पत्र्यावर दोन थापा मारते. दोन थापा म्हणजे चल. एक थाप म्हणजे थांब. मी आरसा बघते, पण थापेनंतर. सगळ्या आरशांपेक्षा तिच्या हाताचा मला भरवसा. आणि त्या डोकेदुखीनंतरच्या दिवसांत किती वेळा एकच थाप पडली होती! आधी महिन्यातून कधीतरी पडायची. मी तिला म्हटलंही होतं, "अगं, हाताला काय झालंय, दुसरी थाप विसरतेस का?" ती म्हणाली होती, "पोरं वात्रट झालीत हल्ली." आणि एक दुपार. तेव्हा थाप अशी पडली होती की गाडी हादरली. मी पाय दाबला, मागची दप्तरं पुढे आली. काचेतून ओरडले, काय झालं? तिचं तोंड पांढरं फटक. "काही नाही, बाटली घरंगळली," ती म्हणाली. मग बराच वेळ तिनं दार लावलंच नाही, हात पत्र्यावर टेकवून उभी राहिली. रात्री जेवली नाही. मी म्हटलं, लग्नाची हुरहूर.

गाडीचं दार डावीकडे आहे. सगळ्या गाड्यांचं आमच्याकडे डावीकडेच असतं, फुटपाथच्या बाजूला. पोरं डावीकडे उतरतात, डावीकडे उभी राहतात, दप्तर डावीकडे पाडतात, उचलायला डावीकडे वाकतात. आणि पोरं कमरेच्या वर कधी नसतात. हे मी मनात नीट मांडलं. मोठी माणसं मला सगळी दिसतात. शाळेच्या बाई दिसतात, वॉचमन दिसतो, फाटकाशी उभ्या आया दिसतात, त्यांच्या हातातले फोन दिसतात. ज्यांच्यासाठी गाडी आहे तेवढीच दिसत नाहीत. देवानं, नशिबानं, जे कुणी असेल त्यानं, माझ्या डोळ्यांतून जागा खरवडून काढली ती मोजून पोरांच्या मापाची. आणि सोमवारी दाराशी आत्या नाही. दांडकं आहे. दांडक्याला थाप मारता येत नाही.

आम्ही पुढे चालत राहिलो. काय करणार? शहर बघायला आलो होतो. ती पुढची वाट विचारत होती, फुटपाथवर पुस्तकं मांडलेल्या म्हाताऱ्याशी गप्पा मारत होती, तो म्हणाला, "नदीवर जा, पूल उघडायची वेळ झालीय, बघण्यासारखा आहे." मी तिच्या मागून चालत होते आणि माझ्या डोक्यात एकच हिशेब उलटसुलट होत होता. हिला सांगितलं तर ही लग्न मोडेल. मोडणार नाही म्हणेल, पुढे ढकलते म्हणेल, आणि पुढे ढकललेलं लग्न म्हणजे काय हे मी एकदा बघितलंय. भट्टीवाला किती थांबेल? हिला नाही सांगितलं तर सोमवार. गाडी बंद केली तर खायचं काय, आणि मी कोण? आजारी बाई. खिडकीशी बसलेली. मला भीती वाटत होती, हे सरळच सांगते. अंधाराची, भुताखेताची वाटते तशी नाही. चालताना पुढचा पाय टाकला की तो कुणावर तरी पडेल अशी. मी पाय घासत चालायला लागले. प्रत्येक दोन पावलांना मान डावीकडे खाली वळवत होते, आणि ज्या क्षणी तिकडे बघत होते त्या क्षणी समोरचं कुणीतरी अंगावर येत होतं. लोक मला चुकवून जायला लागले. एकानं तर मागे वळून बघितलं, दारू प्यायलेल्या बाईकडे बघतात तसं.

पुलापाशी ही गर्दी. मोठी बोट येणार होती, म्हणून पूल मधोमध दुभंगून वर उचलला जाणार होता. घंटा वाजली, फाटकं पडली, आणि एवढा मोठा रस्ता, दिव्यांच्या खांबांसकट, पांढऱ्या पट्ट्यांसकट, जमिनीवरून उठून उभा राहायला लागला. सगळ्यांनी माना वर केल्या. मीही केली. आत्या दोन माणसं सोडून पुढे घुसली होती, टाचा उंच करून बघत होती. रस्ता आभाळात चाललाय हे बघताना क्षणभर मी विसरले सगळं. आणि माझ्या डाव्या हातात एक हात आला. लहान, ओलसर, काहीतरी गोड लागलेला. आपणहून आला आणि माझी बोटं सवयीनं मिटली. पोराचा हात हातात आला की बोटं मिटतात, त्यात माझं काही नाही. किती बरं वाटलं म्हणून सांगू! मी हसूनच तिकडे नजर टाकली. कुणी नव्हतं. माझा दंड खाली जात होता आणि पुढे माणसांचे पाय होते, दगडी फरशी होती, आणि हातात हात होता. त्या हातानं माझं बोट आवळलं. मान अजून वळवायची होती, एवढंच करायचं होतं, आणि ते करायची हिंमत होईना. वाटलं, पूर्ण वळून बघितलं आणि तरीही तिथे कुणी नसलं तर? शेवटी मी सगळीच्या सगळी वळले, पायांसकट. चारेक वर्षांची मुलगी होती. पिवळा फ्रॉक, तोंडाला आइस्क्रीम, डोळे पुलावर. आईचाच हात धरलाय अशा भरवशानं उभी होती. मग तिनं वर बघितलं, माझं तोंड बघितलं, आणि जी किंचाळली! माझ्या तोंडावर त्या वेळी काय होतं ते मला माहीत नाही. तिची आई धावत आली, मुलीला ओढून घेतलं, "अहो, घाबरली ती तुम्हाला," म्हणाली, जरा चिडून, जरा ओशाळून. मी म्हटलं, मीही. पण ते तिला ऐकू गेलं नसावं.

नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर मी बसले. आत्या धावत आली, पाण्याची बाटली पुढे केली. "आत्या, मला या बाजूला खालचं दिसत नाही," मी म्हटलं. इतका वेळ पोटात धरून ठेवलेलं असं एका वाक्यात बाहेर पडलं. मला वाटलं, ती छाती बडवून घेईल, काय म्हणतेस म्हणेल. ती माझ्या शेजारी बसली. डावीकडे. "माहितीये," ती म्हणाली.

बोट पुलाखालून चालली होती, लोक हात हलवत होते. मी विचारलं, "ती बाटली नव्हती ना?" ती पाण्याकडे बघतच म्हणाली, "बाटली होती. ती उचलायला लिंबूटिंबू वाकला होता." लिंबूटिंबू आमच्या गाडीतला सगळ्यांत लहान, दप्तर त्याच्याहून मोठं, मांडीवर बसवावा लागतो. "पुढच्या चाकापाशी वाकला होता, वहिनी. मी दार लावत होते, मला हात पोचवता येईना. तू त्याच बाजूला बघितलंस. मी तुझे डोळे बघितले. मला वाटलं, बघितलं हिनं, सुटला. आणि थाप पडायच्या आधीच तू गिअर टाकलास." तिनं बाटलीचं झाकण फिरवून लावलं. "मग मी बघत राहिले रोज. ताट वाढलं की डावीकडची भाजी तू खात नाहीस. उंबऱ्यातल्या चपला तुडवतेस. पोरं त्या अंगाला आली की तू त्यांच्यातून चालतेस."

"आणि सोमवारी?" मी विचारलं. "सोमवारी मी त्यांच्यातून गाडी नेली असती, त्याचं काय करणार होतीस? पत्रिका पाठवणार होतीस?" माझा आवाज चढला, खालच्या पायरीवरचं जोडपं उठून गेलं. "म्हणून पायी फिरवलंस मला? मला आपलं आपण कळावं म्हणून?" तिनं मान हलवली. "नाही गं. मला खरंच शहर बघायचं होतं." मग म्हणाली, "रोज सकाळी उठून म्हणायचे, आज सांगते. सांगितलं की मला राहावं लागणार. आणि मला राहायचं नाहीये, वहिनी. एकदा राहिले मी." हे तिनं इतक्या हळू सांगितलं की माझा सगळा राग तोंडातल्या तोंडात राहिला. ती रडायला लागली, नाक पुसत, लहान पोरासारखी हुंदके देत. "जाऊ दे. नाही जात मी. त्यांना फोन करते. दार मी बघते, तू चालव. दोन थापा पडल्याशिवाय हलायचंच नाही, मग तर झालं? कुणाला कळायचंसुद्धा नाही. चाललंच ना आजवर?"

आणि मला हायसं वाटलं. खोटं कशाला बोलू? सकाळपासून छातीवर बसलेलं काहीतरी उठून गेलं. खरंच की, चाललंच होतं आजवर. तीच गाडी, तीच घरं, तेच स्वयंपाकघर, संध्याकाळी चहा, तिच्या हातची थाप. काहीच बदलायला नको. मी तिच्या पाठीवर हात ठेवलाही होता, "बरं, बरं" म्हणायला तोंड उघडलं होतं, आणि त्या सुखानंच माझं अंग गार पडलं. खुंटाला घाबरले नव्हते, कॉफीच्या टेबलाला नव्हते, त्या हातालाही नव्हते, एवढी मी या सुटकेला घाबरले. कारण आम्ही दोघी अजून पाच मिनिटं तिथे बसलो असतो ना, तर ते ठरलं असतं. मग उठलो असतो, कुठेतरी जेवलो असतो, हसलोही असतो. आणि सोमवारी तिला एक शिंक आली असती, एक पोर रडलं असतं, कुणा आईनं तिला हाक मारली असती.

मी पर्समधून फोन काढला. आत्या म्हणाली, "कुणाला?" मी उत्तर दिलं नाही, दिलं असतं तर लावला नसता. शाळेच्या मोठ्या बाईंनी लगेच उचलला. "काय मावशी, मजा चाललीय ना? आत्यांना काय काय घेतलंत?" त्यांच्या मागे कुकरची शिट्टी झाली. "बाई, सोमवारपासून माझी गाडी येणार नाही," मी म्हटलं. "पोरांची दुसरी सोय बघा." त्या म्हणाल्या, "अहो, असं ऐनवेळी? काय झालं काय?" मी म्हटलं, "मला डाव्या बाजूला खाली दिसत नाही. पोरं उतरून जिथे उभी राहतात, तिथे. डोक्यातलं काहीतरी आहे. आता घरी न जाता इथल्याच दवाखान्यात जाणार आहे."

पलीकडे गॅस बंद केल्याचा आवाज आला. बाई विचार करत होत्या. मला कळत होतं त्या काय मोजतायत, त्यांची नात आमच्याच गाडीनं येते. "कधीपासून?" त्यांनी विचारलं. तो आवाज मघाचा नव्हता.

"मला आजच कळलं," मी म्हटलं.

"आणि आत्या?" त्या म्हणाल्या. "त्या तर रोज दाराशी असतात. त्यांच्या काही लक्षात आलं नाही?"

मी आत्याकडे बघितलं. तिच्याकडे बघायला मला सगळी वळावं लागलं. फोनचा आवाज मोठा होता, तिनं सगळं ऐकलं होतं. ती रडायची थांबली होती आणि माझ्या ओठांकडे बघत होती.

"तिचं लग्न आहे, बाई," मी म्हणाले. "पुढच्या आठवड्यात."